पातं कोणतं लावू?



संक्रांतीला मंडळाच्या तिळगुळाच्या कार्यक्रमात तिघांनी मला वेगवेगळं गाठून एकच प्रश्न विचारला. "बँडसॉ घ्यायचाय, कोणता घेऊ?" त्यातला एक पुण्याहून सुट्टीला आलेला, एक औरादचा, आणि एक तर पीयूसीला असलेली मुलगी, जिच्या बाबांनी "आधी सीईटी, मग सुतारकाम" असं बजावून ठेवलंय. तिघांनाही मी उलट विचारलं, "कापायचंय काय?" तिघेही जरा गडबडले. मशीनचे फोटो मोबाइलमध्ये होते, रंगही ठरला होता, पण त्यावर कोणतं पातं लावायचं याचा विचार कुणीच केला नव्हता.

त्यांना नावं ठेवायचा मला अधिकार नाही. मीही तसाच घेतला होता. म्हणून या वेळचं सदर पात्याबद्दल. जे सांगणार आहे त्यातलं बरंचसं कुठल्याही कॅटलॉगमध्ये मिळेल. जे मिळणार नाही, ते माझ्या भाच्याच्या गालावर आहे. त्याच्याकडे येतो.

आधी मशीन म्हणजे काय ते थोडक्यात. आपल्या गावच्या वखारीत ओंडके फाडणारं आडदांड मशीन तुम्ही पाहिलं असेल. वर एक चाक, खाली एक चाक, आणि दोन्हीवरून फिरणारी दातेरी पोलादी पट्टी. घरगुती बँडसॉ ही त्याचीच धाकटी बहीण. पातं टेबलातून सतत वरून खाली जातं, त्यामुळे लाकूड टेबलावर दाबलं जातं, अंगावर फेकलं जात नाही. वर्तुळाकार करवतीपेक्षा हे मला जास्त आवडतं, आणि घरी लहान मुलं असतील तर आवाजही बरा.

या मशीनची गंमत अशी, की ते आधी जन्मलं आणि त्याचं पातं चाळीसेक वर्षांनी. विल्यम न्यूबेरी नावाच्या इंग्रजाने एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातच याचं पेटंट घेतलं होतं. पण पट्टीची दोन टोकं जोडून केलेला वेढा चाकांवर सारखा वाकत-सरळ होत राहायचा आणि जोडात तुटायचा. कल्पना बरोबर होती, पण पातं टिकत नव्हतं. शेवटी ॲन पोलिन क्रेपँ या फ्रेंच बाईने जोड टिकेल अशी पद्धत शोधली, १८४६ साली पेटंटसाठी अर्ज केला, आणि पॅरिसच्या पेरँ कंपनीने तिच्याकडून हक्क घेतल्यावर मशीन खऱ्या अर्थाने चालू झालं. आमच्या सॉफ्टवेअरवाल्यांना ही गोष्ट लगेच पटेल. सर्व्हर कितीही भारी घ्या, गाडी अडते ती केबलपाशीच.

तर माझी गोष्ट. २०२० मध्ये ऑफिस घरी आलं आणि मी हैदराबादहून भालकीला. वर्षभरात तिथला एक फर्निचरचा कारखाना बंद होत होता, त्यांच्याकडून १४ इंची चाकांचा जुना बँडसॉ उचलला. त्यावर पातं होतं पाऊण इंच रुंद, इंचामागे ३ दाते. ते लोक जाड फळ्या उभ्या चिरायचे, त्यांना तेच बरोबर होतं. मला वाटलं, मशीनबरोबर आलंय म्हणजे मशीनचंच आहे. तेच लावून मी दोन वर्षं पोळपाट कापले, देव्हाऱ्याची महिरप कापली, कपाटाच्या मुठी कापल्या. वळणावर पातं चरचरायचं, जळका वास यायचा, लाकडावर काळे डाग पडायचे. मी ते डाग पॉलिश पेपरने घासायचो आणि लाकूडच वाईट म्हणायचो.

ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिनला जागतिक तिरंदाजी स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे या दोघांनी एकाच दिवशी कंपाउंड प्रकारात वैयक्तिक सुवर्ण मिळवलं. अदिती तेव्हा १७ वर्षांची. मराठी घराघरांत त्या आठवड्यात किती धनुष्यं मागितली गेली असतील देव जाणे. उदगीरला माझ्या ताईच्या घरी एक मागितलं गेलं. भाचा १३ वर्षांचा. कंपाउंड धनुष्याची किंमत ऐकून भावोजींनी पेपर उलटा केला. पण आपल्या देशातल्या स्पर्धांत 'इंडियन राउंड' म्हणून एक प्रकार असतो. त्यात देशी, बांबू-लाकडाचं धनुष्य वापरतात आणि ५० व ३० मीटरवरून नेम धरतात. भाच्याने ही माहिती काढली आणि फोन केला. "मामा, तुझ्याकडं मशीन हाय की. तूच बनव ना."

मामा फुगला.

लाकूड घरातच होतं. आजोबांची बैलगाडी मोडून कित्येक वर्षं झाली, पण तिच्या दोन दांड्या गोठ्याच्या आढ्याला टेकवून ठेवलेल्या होत्या. लाकूड धामणीचं. आपल्याकडचे जुने सुतार धामण का निवडायचे ते उघड आहे. ती वाकते आणि परत येते. गाडीची दांडी, कुऱ्हाडीचा दांडा, खांद्यावरची कावड, आणि रानात राहणाऱ्यांचा तीरकमठा, सगळ्याला हेच लाकूड. नवं धामण आणायचं म्हटलं तर जंगल खात्याचे नियम आहेत, आणि कर्नाटकात १९७६ पासून वृक्ष संरक्षण कायदाही आहे. दारातलं झाडसुद्धा मनाला आलं म्हणून पाडता येत नाही. (मशीन घेणाऱ्यांनीही एकदा जंगल खात्याच्या कार्यालयात विचारून घ्यावं. १९९६ च्या गोदावर्मन प्रकरणानंतर लाकूड कापणाऱ्या मशीनच्या परवान्यांबाबत सगळीकडे कडक झालंय.) आजोबांची दांडी म्हणजे आयतं, मुरलेलं, घरचं लाकूड. दोनच होत्या.

पहिली दांडी घेतली. ती जरा बाकदार होती, मधे थोडी पिळलेली. मी इंजिनिअर. वाकडं दिसलं की हात शिवशिवतात. ओळंब्याच्या दोऱ्याने सरळ रेघ मारली, बँडसॉला सरळ पट्टी लावली आणि पाऊण इंची पात्याने चारी बाजूंनी तासून चौकोनी, सुतात असलेली काठी काढली. मधे मूठ ठेवली, दोन्ही बाजूंना बाहू निमुळते केले, खोबण्या केल्या. पंधरा दिवसांत धनुष्य तयार. देखणं झालं होतं, खोटं का सांगू.

दिवाळीत सगळे भालकीला जमले. शेतात पोती लावून भाच्याने नेम धरला. पहिले सात-आठ बाण नीट गेले. मग त्याने दोरी पूर्ण ताणली आणि आवाज आला. घरात बसलेल्यांना फटाका वाटला. वरचा बाहू मोडून त्याचा सुळका भाच्याच्या डोळ्याखाली लागला होता. तीन टाके. डॉक्टर म्हणाले, बोटभर वर असता तर डोळा गेला असता. दुसऱ्या दिवशी भाऊबीज. ताईने ओवाळलं, पण ताटाकडे बघत. माझ्याकडे बघितलं नाही.

पुढचा महिनाभर ते दोन तुकडे माझ्या टेबलावर लॅपटॉपच्या शेजारी होते. प्रॉडक्शनला सिस्टिम पडली की आम्ही कारण शोधतो, तसं शोधायला लागलो.

पहिला संशय मुठीवर होता. मूठ जिथे बाहूत मिसळते तिथे गोलवा लागतो, साधारण ४५-५० मिलिमीटर त्रिज्येचा. माझं पाऊण इंची पातं तेवढं वळतच नव्हतं. मी थोडं कापायचो, मागे घ्यायचो, परत कापायचो. त्यामुळे गोलव्याऐवजी तिथे पायऱ्या झाल्या होत्या, आणि त्या मी कानशीने कशाबशा घासल्या होत्या. वाकणाऱ्या वस्तूत कोपरा राहिला की सगळा ताण त्या कोपऱ्यात गोळा होतो, हे मी कॉलेजात शिकलो होतो आणि परीक्षेत लिहिलंही होतं.

इथेच पात्याच्या रुंदीचा पहिला धडा. पातं जितकं रुंद तितकं सरळ जातं, आणि जितकं अरुंद तितकं वळतं. मापं लक्षात ठेवायला मी स्वयंपाकघर वापरतो. पाव इंची, म्हणजे ६ मिलिमीटरचं पातं सोड्याच्या बाटलीच्या टोपणापेक्षा किंचित मोठ्या गोलाभोवती वळतं, त्रिज्या साधारण १६ मिलिमीटर. तीन-अष्टमांश इंची, म्हणजे जवळजवळ १० मिलिमीटरचं, वाटीच्या कडेने फिरतं, त्रिज्या ३६-३८. अर्धा इंची पात्याला सीडीएवढा गोल लागतो (सीडी आठवत नसेल तर आईला विचारा), त्रिज्या ६४ च्या आसपास. आणि पाऊण इंचीला जेवणाचं ताट, त्रिज्या १४० मिलिमीटर. म्हणजे माझ्या मुठीला अर्धा इंचीसुद्धा चाललं नसतं, वाटीवालं पातं हवं होतं, आणि मी ताटवालं घेऊन बसलो होतो. महिरपीवरच्या जळक्या डागांचं कारणही हेच. पातं वळत नसताना जबरदस्तीने वळवलं की त्याची पाठ लाकडाला घासते आणि तापते.

म्हणून शक्य तेवढं रुंद पातं घ्या, पण तुमच्या कामातल्या सर्वांत लहान वळणाला जमेल एवढंच. १४ इंची मशीनवर पाऊण इंच चढतं असं कंपनी लिहिते. चढतं हे खरं, पण त्याला लागणारा ताण लहान मशीनची स्प्रिंग नीट देत नाही. माझ्या मते अर्ध्या इंचावर थांबावं.

दुसरा संशय होता ओरखड्यांवर. इंचामागे ३ दाते आणि तेही दोन वर्षं धार न लावलेले. पाठीवर धुण्याच्या दगडासारख्या आडव्या रेषा उठल्या होत्या. दात्यांचं गणित सोपं आहे. जे कापताय त्याच्या जाडीत एका वेळी कमीत कमी ३ दाते असले पाहिजेत. सहा ते बारा असले तर काम छान. चोवीसच्या वर गेले की दात्यांमधल्या खाचा भुशाने भरतात, भुसा बाहेर पडायला जागा राहत नाही, पातं तापतं आणि भरकटतं. धनुष्याची काठी कच्ची असताना दीड-पावणेदोन इंच जाड असते. इंचामागे ४ दाते घेतले तर त्यात सहा-सात बसतात. झकास. सहा इंची फळी उभी चिरायची असेल तर इंचामागे २ किंवा ३. पाव इंची बांबूची कामटी कापायची तर १४ दात्यांचं पातं हवं. तिथे ४ दात्यांचं लावलंत तर एका वेळी एकच दाता लागतो आणि कामटी कापली न जाता ओरबाडली जाते. बोटं जवळ असतील तर भीतीच वाटते. त्याहून पातळ कामटी मी मशीनवर नेतच नाही, सुरी आणि रंधा.

दात्यांचे आकारही तीन. साधे दाते एकसारखे, उभे. काप गुळगुळीत, पण वेग कमी. दुसऱ्यात एक दाता सोडून एक दाता असतो, मधली जागा मोकळी, त्यामुळे ओलं किंवा चिकट लाकूड असलं तरी भुसा निघून जातो. तिसरा आकडीसारखा, पुढे झुकलेला. तो लाकडात स्वतःहून शिरतो, आणि जाड, टणक लाकडाला, बाभळीला, धामणीला, हाच बरा. शिवाय दाते आळीपाळीने डावी-उजवीकडे किंचित वाकवलेले असतात, म्हणजे काप पात्यापेक्षा रुंद होतो आणि पातं अडकत नाही. एका बाजूचे दाते दुसऱ्या बाजूपेक्षा जास्त बोथट झाले की पातं धारदार राहिलेल्या बाजूला टेकून चालायला लागतं. मग लोक मशीनला दोष देतात, पट्टी तिरकी लावतात, नाना उपाय करतात. पातं बदला.

तर ओरखडे. वाकणाऱ्या पाठीवरची प्रत्येक आडवी रेष म्हणजे भेग सुरू व्हायला तयार जागा. पण मी ते ओरखडे घासून काढले होते. आणि मुठीच्या पायऱ्या? धनुष्य मुठीपाशी मोडलंच नव्हतं. ते मोडलं होतं मुठीच्या वर एक वीत अंतरावर, जिथे माझं काम सर्वांत सफाईदार होतं. दोन्ही संशयितांना सोडून द्यावं लागलं.

उत्तर दिलं ते एका आजींनी. शेजारच्या वाडीत बुरुडकाम करणारं घर आहे, सुपं, टोपल्या, दुरड्या. मला बाणांसाठी बांबू हवा होता म्हणून गेलो होतो, पिशवीत ते तुकडे होते. आजींनी तुकडा हातात घेतला, मोडलेल्या टोकावरून अंगठा फिरवला आणि म्हणाल्या, "हे मोडलं न्हाई. हे तू कापून ठिवलंतास, त्या पोरानं फकस्त उघडलं."

मग त्यांनी कोयत्याने बांबू फोडून दाखवला. वरून एक ठोका, मग नुसतं पिळत खाली. बांबू जिथे जरा वाकडा होता तिथे फोडही वाकडी गेली. आजींना सरळ कामटी नकोच होती, अख्खी कामटी हवी होती. या टोकापासून त्या टोकापर्यंत प्रत्येक धागा सलग. तशी कामटी वाकते, मोडत नाही. करवतीने सरळ कापलेली कामटी दिसायला सरळ, पण तिच्यातले धागे मधेच एका कडेने बाहेर पडलेले असतात. वाकवलं की तिथून सोलत जाते.

घरी येऊन दुसरी दांडी उन्हात नेली. तिच्या अंगावर लांब, बारीक भेगा होत्या. लाकूड वाळताना भेग पडते ती धाग्यांच्या वाटेनेच, म्हणजे झाडाने स्वतःच रेघा मारून दिलेल्या. पहिल्या दांडीवरही त्या असणारच. मी त्यांच्यावर पट्टी ठेवून सरळ रेघ मारली होती. आजोबांच्या सुताराने वाकसाने तासताना धाग्यांचा कल सांभाळला होता, म्हणूनच दांडी बाकदार होती. तो बाक म्हणजे त्या सुताराचं ज्ञान होतं. ते मी भुसा करून गोठ्यात टाकलं.

बिदरच्या किल्ल्यात रंगीन महालात गेलात तर सगळे काळ्या दगडातल्या शिंपल्याच्या जडावाचे फोटो काढतात. सोळाव्या शतकातलं, अली बरीदच्या वेळचं काम. पुढच्या वेळी तिथल्या कोरीव लाकडी खांबांपाशी दोन मिनिटं थांबा. हे सगळं हातकरवत आणि पटाशीने केलंय. हाताने काम करणाऱ्याला लाकूड लगेच सांगतं, इकडून नको, उलटं जातंय. मोटर काही सांगत नाही. ती धाग्यातूनही जाते आणि धाग्याच्या आडवीही, आवाज एकच.

म्हणून धनुष्यासाठी पातं निवडताना माझा पहिला नियम बदलला. धनुष्याची जी बाजू लक्ष्याकडे असते, तिला पाठ म्हणतात. दोरी ओढली की पाठ ताणली जाते आणि आपल्याकडची बाजू, म्हणजे पोट, दाबली जाते. ताणलेल्या बाजूला तुटका धागा चालत नाही. पाठीला पातं लावायचंच नाही. पाठ आधी फोडून किंवा तासून, धाग्यांच्या वाटेने मिळवायची. बांबूची पाठ असेल तर वरची चकचकीत साल तशीच ठेवायची, कारण बांबूचे सर्वांत दाट, चिवट धागे सालीलगत असतात. बँडसॉने फक्त कडा आणि पोट कापायचं. कडा कापतानाही सरळ पट्टी काढून ठेवायची, हाताने धाग्यांच्या मागे जायचं. त्यासाठी थोडं वळणारं पातं हवं. म्हणून माझं उत्तर तीन-अष्टमांश इंच, इंचामागे ४ दाते, आकडीचे. एकच पातं घ्यायचं असेल तर हेच घ्या. पोळपाट, महिरप, खेळणी, सगळं निघतं. दुसरं घ्यायची ऐपत झाली की अर्धा इंच, ३ दाते, फळ्या चिरायला. तिसरं पाव इंची, बारीक वळणांना. चौथ्याची गरज मला अजून पडलेली नाही.

पात्याचं पोलाद कोणतं, हाही प्रश्न येतो. साधं कार्बन स्टील स्वस्त असतं, शिकताना तेच घ्या, कारण पहिली दोन-तीन पाती तुम्ही तोडणार आहातच. बाय-मेटल म्हणजे लवचीक पोलादाच्या पट्टीला कडक पोलादाची कड जोडलेली, तिच्यातून दाते काढलेले. महाग, पण टिकतं. बांबूत सिलिका असते, म्हणजे जवळजवळ वाळूच. कार्बन स्टीलची धार बांबूवर बघता बघता जाते. बांबूचं काम जास्त असेल तर बाय-मेटलचे पैसे वसूल होतात. कार्बाइडच्या दात्यांचं पातं आपल्या घरगुती मशीनला परवडत नाही, खिशालाही नाही.

हैदराबादला राणीगंजच्या बाजारात पात्याची गुंडाळी असते, तुमच्या मशीनच्या मापाने कापून, जोडून देतात. लांबी मशीनवर लिहिलेली नसेल तर दोऱ्याने दोन्ही चाकांभोवतून मोजा. माझ्या मशीनला ९३.५ इंच लागतं. जोड मात्र तिथेच तपासा. बोट फिरवून टेंगूळ लागता कामा नये, आणि जोडापाशी पातं पुढेमागे सरकलेलं नसावं. क्रेपँबाईंनी पावणेदोनशे वर्षांपूर्वी सोडवलेला प्रश्न घाईत जोडणारा माणूस पुन्हा निर्माण करू शकतो. टेंगूळ असलं तर प्रत्येक फेरीला टक-टक आवाज येतो आणि आठवड्यात पातं तुटतं.

दोन गोष्टी मात्र कानात तेल घालून ऐका. पहिली, जुनं लाकूड कापण्याआधी त्यावरून लोहचुंबक फिरवा. आजोबांच्या दांडीत एक गंजकी चूक खोल बसलेली होती, वरून दिसतच नव्हती. माझ्या नव्या पात्याचे चार-पाच दाते एका सेकंदात गेले. दुसरी, अख्खा गोल बांबू मशीनवर मोकळा कधीही ढकलू नका. पातं त्याला पकडून गर्रकन फिरवतं आणि बोटं आत ओढली जातात. एक फळी व्ही आकारात खाचून तिच्यात बांबू घट्ट बसवा, किंवा सरळ कोयत्याने फोडून अर्धा करा आणि सपाट बाजू टेबलावर ठेवा. वरची पट्टी, जिला पात्याचा संरक्षक म्हणतात, ती लाकडापासून बोटभरही वर नको. आणि हातमोजे नकोत. धागा दात्यात अडकला की हात सोडवता येत नाही.

दुसऱ्या दांडीचं धनुष्य करायला मला चार महिने लागले. आजींनी फोडून दिलेल्या बांबूची पाठ, मधे ३ मिलिमीटर जाड, साल शाबूत. खाली धामणीचं पोट, भेगांच्या मागे मागे जाऊन कापलेलं. दोन्ही इपॉक्सीने चिकटवलेलं. मुठीचा गोलवा एका झटक्यात, पायऱ्यांशिवाय. वरून बघितलं तर धनुष्य किंचित वाकडं आहे, सापासारखं. पहिल्यासारखं देखणं नाही. दोरी लावण्याआधी ते भिंतीला अडकवून, दोरी आणि कप्पीने, मी लांब उभा राहून शंभरदा ताणलं. मग स्वतः ओढलं, आठवडाभर. मग ताईला फोन केला.

ताई भाच्याला घेऊन आली, पण धनुष्य त्याच्या हातात दिलं नाही. आधी स्वतः घेतलं, चष्मा लावला आणि पाठीवरून अंगठा फिरवला, मुठीपासून टोकापर्यंत, मग उलट. आजींची गोष्ट भाच्याने तिला सांगितलेली असणार.

"हिला मशीन लावलंस का?"

"नाही गं."

"नक्की?"

"नक्की."

तिने धनुष्य पोराच्या हातात दिलं आणि पोत्यांपासून नाही, माझ्या शेजारी येऊन उभी राहिली.